काळानं गुणलेलं पद

धाकटीला राग येतो, हे काही नव्यानं सांगायला नको. ते अख्ख्या गावाला ठाऊक आहे. शेंडेफळ म्हणून घरात तिला धाकटी म्हणायला लागले आणि पन्नाशी उलटली तरी ते सुटलं नाही. इंजिनिअरिंग कॉलेजात ती गणित शिकवते. पोरांनी तिचं नाव प्रेशर कुकर ठेवलंय, तेही तिला माहीत आहे. एकदा ती वर्गात शिरता शिरताच म्हणाली, "आज शिट्टी व्हायच्या आत वह्या उघडा." त्या दिवशी वर्गात कुणी खोकलंसुद्धा नाही.

पण ती नेमकी कशावर चिडते, हे कुणी कधी विचारलं का? नाव काढू नका. चिडते म्हणजे चिडते, स्वभावच तसा, झालं. आता मी सांगतो. ती सगळ्यात जास्त चिडते ती एका गोष्टीवर. पोरगं फळ्यापाशी उभं राहतं, गणित सोडवतं, मध्येच एक पद खोडतं आणि म्हणतं, "मॅडम, हे फार लहान आहे म्हणून सोडून दिलं."

"लहान? किती वेळ लहान?"

हा प्रश्न ती उगाच विचारत नाही. कारण बरीच गणितं अशी असतात की एखादी वस्तू हलतेय, आणि तिला अगदी नगण्य असा एक जादाचा धक्का बसतोय. त्या धक्क्यामुळे पडणारा फरक पायरीपायरीनं काढत गेलं की उत्तरात एक पद असं येतं, ज्याच्या पुढे एक बारकासा आकडा असतो आणि त्याला गुणलेला असतो काळ. बारकासा आकडा गुणिले काळ. पहिला थोडा वेळ ते पद कुठे दिसतही नाही. पण काळ काही थांबून राहत नाही. उशीर झाला की तेच बारकं पद बाकी सगळ्याला गिळून बसतं. धाकटी हे वर्षानुवर्षं घसा फोडून सांगत आलीय. पोरं परीक्षेपुरतं लिहितात आणि विसरतात.

त्यात आलं पुलाचं प्रकरण.

हॉस्पिटलची जुनी इमारत नदीच्या एका काठावर, नवी दुसऱ्या काठावर. मधे पायी जायचा पूल बांधला होता. लांबलचक, हलका, पोलादी दोरखंडांना टांगलेला, रुंदी एवढी की पेशंटची दोन स्ट्रेचरं समोरासमोरून जावीत. वाऱ्यानं त्रास होऊ नये म्हणून दोन्ही बाजूंना कंबरेच्या वरपर्यंत काचेचे कठडे. दिसायला देखणा, त्यात वाद नाही. पण नदीचं पात्र तिथे दोन टेकड्यांमध्ये आवळलेलं आहे आणि रोज दुपारी वरच्या अंगानं वारा सुटतो. वादळ वगैरे नाही, साधा वारा, पण एकसारखा, थेट संध्याकाळपर्यंत. तो त्या काचांवर आपटतो. कंत्राटदाराच्या इंजिनिअरनं आकडेमोड केली होती आणि ती तपासायला कॉलेजच्या गणित विभागाकडे आली. विभागप्रमुखांनी वाऱ्याचा भाग धाकटीच्या गळ्यात मारला. तिनं तो मनापासून घेतला, कारण ताई त्याच हॉस्पिटलात मेट्रन होती. नव्या इमारतीत वॉर्ड हलवायचे, पेशंट स्ट्रेचरवर घालून त्या पुलावरून न्यायचे, हे सगळं ताईच्या हाताखाली होणार होतं. दोघी बहिणी एकाच घरात राहतात. ताईचे यजमान जाऊन बरीच वर्षं झाली, आणि धाकटीनं लग्नाच्या भानगडीत पडायचंच नाकारलं.

धाकटीनं गणित मांडलं आणि पाहते तो काय, ते पद तिथे हजर. पूल वाऱ्यात किंचित हलला, की हलणाऱ्या काचांवर वारा असा काही बसतो की प्रत्येक झोक्याला तो आणखी थोडं ढकलतो. अगदी थोडं. एका झोक्यात कळणारही नाही इतकं. गुणिले काळ.

आता इथे धाकटीनं घोळ घातला, आणि तो तिचाच, मी तिची बाजू घेणार नाही. गणित अर्धं झालं होतं. त्या काळानं गुणलेल्या पदाला तसंच उघडं सोडायचं नसतं, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? पण बैठकीच्या आधी बोळात तो इंजिनिअर भेटला आणि हसून म्हणाला, "काय मॅडम, अजून वाराच मोजताय?" झालं. तळपायाची आग मस्तकात गेली. बाई आत गेल्या आणि तो अर्धा कागद जसाच्या तसा टेबलावर आपटला.

इंजिनिअरनं खिशातून कॅल्क्युलेटर काढला. "समजा, महिनाभर वारा वाहिला," तो म्हणाला. बटणं दाबली. "अरे वा! म्हणजे मॅडमच्या हिशेबानं पूल दोन्ही टेकड्या ओलांडून झोके घेणार!"

सगळे हसले. हॉस्पिटलचे अधीक्षक सभ्य माणूस, तेही हसले. विभागप्रमुखांनी लाल पेन काढलं आणि ते पद आडवी रेघ मारून खोडलं. "हे सोडून देऊ. बाकी सगळं बरोबर आहे, मॅडम."

बाकी सगळं! ते पद खोडल्यावर बाकी काय उरतं? पूल जेवढा हलायला लागला तेवढाच जन्मभर हलणार, एवढंच उरतं. धाकटी उठली आणि जे काही बोलली ते बाहेर शिपायापर्यंत ऐकू गेलं. त्यामुळे बैठकीत काय झालं म्हणून जे गावभर झालं ते एवढंच, की मॅडम पुन्हा भडकल्या.

घरी ताई मटार सोलत बसली होती. धाकटीनं पर्स फेकली.

"त्यांना वाटतं, उत्तर अफाट आलं म्हणजे ते खोटं. अफाट आलं म्हणून खोडून टाका! अगं, अफाट आलं याचा अर्थ तिथे काहीतरी आहे!"

"अगं, पण पूल टेकड्या ओलांडणार नाहीच ना?"

"नाही ओलांडणार! पण हलणारच नाही असंही नाही!" ती खाली बसली आणि मटार ओढून घेतले. शेंगा अशा फोडायला लागली की दाणे पलंगाखाली. "माझंच चुकलं. मी पुढची पायरी केलीच नव्हती."

"कसली पायरी?"

"तिला रीनॉर्मलायझेशन ग्रुप म्हणतात."

"ग्रुप? सकाळी बागेत हात वर करून हसतात, तसला?"

"ताई!" पण तिला हसू आलं. मग म्हणाली, "हे बघ. तुमच्याकडे ड्यूटी बदलते, तेव्हा तू दुपारच्या सिस्टरला काय सांगतेस?"

"पेशंट आत्ता कसा आहे ते."

"भरती झाला तेव्हा कसा होता, ते नाही?"

"ते लिहिलेलं असतं. पण तिनं आठवड्यापूर्वीचा ताप धरून आज औषध दिलं, तर पेशंट दगावेल."

"मी तेच केलं होतं, ताई. पुलाचा झोका पहिल्या क्षणी केवढा होता, ते धरून महिन्याभरानंतरचा फरक मोजायला गेले. म्हणून आकडा भडकला. त्याऐवजी मधेच ड्यूटी बदलायची. आत्ता झोका केवढा आहे ते घ्यायचं आणि इथून पुढे बघायचं. आतापर्यंत जेवढा वाढला तो त्या नव्या झोक्यातच जिरवून टाकायचा. पुन्हा ड्यूटी बदलायची. पुन्हा."

"बरं. पण बदलायची कधी? त्यावर उत्तर नाही का बदलणार?"

धाकटीनं मटाराची शेंग तिच्याकडे रोखली. "पेशंटला काय पडलंय, तुमची ड्यूटी दोनला बदलते की तीनला?"

"काही नाही. त्याचा ताप त्याच्यापाशी."

"हेच! पुलाला काय पडलंय, मी कुठून मोजायला सुरुवात केली? काही नाही. तेवढी एकच अट घालायची, की उत्तर माझ्या सुरुवातीवर अवलंबून असता कामा नये. त्या एका अटीतून झोका हळूहळू कसा बदलत जातो, त्याचं समीकरण आपसूक निघतं. जे पद ते खोडायला निघालेत ना, त्याच्याच पोटातून निघतं!"

"मग काढ की," ताई म्हणाली. "आणि ते दाणे उचल."

तिनं काढलं. उत्तर स्वच्छ आलं. वारा सुटल्यावर बराच वेळ काहीच कळणार नाही. झोका वाढेल, पण गोगलगायीच्या गतीनं. मग दुपार कलता कलता तो डोळ्यांना दिसू लागेल, वाढत जाईल, आणि एका मापाला येऊन थांबेल. इकडे एक वीत, तिकडे एक वीत. तिथून पुढे वारा आहे तोवर तेवढाच. टेकड्या जागच्या जागी, पूल जागच्या जागी, फक्त पायाखालची जमीन दोन विता सरकतेय.

पुढच्या बैठकीत ती नीट वागली. साडी नीट, आवाज नीट, कागद टाइप केलेला. सगळं सांगून झाल्यावर विभागप्रमुखांनी हुश्श केलं.

"एक वीत? एवढंच ना? मग प्रश्नच मिटला की, मॅडम."

आता बोला! अफाट सांगितलं तर वेडेपणा, आणि मोजून मापून सांगितलं तर प्रश्न मिटला. माणसानं जावं कुठे?

"सर, पूल पडणार नाही," धाकटी दात आवळून म्हणाली. "माणसं पडतील. स्ट्रेचर धरलेली सिस्टर पडेल. टाके घातलेला पेशंट कठड्यावर आदळेल. पुलाच्या पोटाखाली डँपर बसवा. झोका खाऊन टाकणारी वजनं असतात, ती. दोन महिन्यांचं काम आहे."

"मॅडम, आम्ही वाऱ्यात पुलावर उभे राहून आलोय," इंजिनिअर म्हणाला. "पूल ढिम्म हलत नाही."

"किती वेळ उभे होतात?"

"पाच-दहा मिनिटं. मग चहाला गेलो."

"मग दहा मिनिटांपुरतं बोला! तुमचं उत्तर दहा मिनिटांचं आहे, आणि पूल तिथे शंभर वर्षं राहणार आहे!" आणि तोल गेला. गेलाच. कसा राहणार? तिनं टेबलावर हात आपटला, पाण्याचा ग्लास लवंडला, आणि सगळे ग्लासाकडे बघत बसले. अधीक्षक रुमालानं पाणी टिपत म्हणाले, "मॅडम, तुमची काळजी समजते. पण एवढं तापायचं कारण नाही." विभागप्रमुख तिच्याकडे बघतही नव्हते. अहवाल तिच्या पानाविना गेला. सोमवारपासून वॉर्ड हलवायचे ठरले. घरी धाकटीनं ही बैठक ताईला दोनदा, पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकवली.

शनिवारी ताई हलवाहलवीची आखणी करत बसली होती. सकाळी औषधं आणि खाटा, दुपारनंतर पेशंट, कारण सकाळी डॉक्टरांची फेरी असते.

"दुपारी नेऊ नकोस," धाकटी म्हणाली.

"अगं, कमिटीनं मंजुरी दिलीय."

"कमिटी गेली खड्ड्यात! दुपारी नेऊ नकोस म्हणते ना!"

"ओरडू नकोस."

"मी ओरडले नाही तर तू ऐकशील?"

ताईनं पेन खाली ठेवलं. ताईला राग येत नाही. उभ्या आयुष्यात तिनं कुणावर आवाज चढवला नाही, ना सासूवर, ना वॉर्डबॉयवर. ती शांतपणे म्हणाली, "खरं सांगू? मी तुझं बोलणं ऐकतच नाही. लहानपणापासून. तू सुरू झालीस की मी मनातल्या मनात दुसरं काहीतरी करत बसते. दूध उतू गेलं तरी तू तशीच, दार आपटलं तरी तशीच, आणि पूल पडणार असला तरी तशीच. यातलं खरं कुठलं, ते मला कसं कळावं?"

धाकटीला थोबाडीत बसल्यासारखं झालं. परक्यांचं ठीक आहे. पण ताईनं? मटार सोलताना मान डोलावत होती, तेव्हाही? ती काहीतरी भयंकर बोलणार होती, शब्द अगदी ओठांवर आले होते, पण सोमवार समोर दिसत होता. स्ट्रेचर दिसत होतं आणि ते धरलेली ताई दिसत होती. तिनं शब्द गिळले.

"उद्या तुला सुट्टी आहे," ती म्हणाली. "दुपारी माझ्याबरोबर पुलावर ये. विणकाम घेऊन ये. मी एक शब्द बोलणार नाही. फक्त संध्याकाळपर्यंत उठायचं नाही."

ताई आली. का आली कोण जाणे. धाकटी हळू आवाजात बोलली, त्यालाच घाबरली असेल. पहारेकरी मेट्रनबाईंना ओळखत होता, त्यानं फाटक उघडलं आणि वर दोन स्टूलं आणून दिली. पुलाच्या बरोबर मधोमध दोघी बसल्या. वारा सुटला होता. ताई विणत होती, धाकटी नदी बघत होती.

तास गेला. काही नाही. पहारेकरी येऊन चहा विचारून गेला. ताईनं एकदा धाकटीकडे पाहिलं, त्या बघण्यात कीव होती, आणि धाकटीनं जीभ चावली. मनात शंभर शंका. काचेचा हिशेब चुकला असेल तर? सुरुवातीचा झोका धरला त्याहून बारीक असेल तर अजून उशीर लागेल. तेवढा वेळ ताई बसेल?

मग ताई म्हणाली, "मला जरा कसंतरी होतंय. सकाळी नीट खाल्लं नाही म्हणून असेल."

धाकटी बोलली नाही. शब्द दिला होता.

थोड्या वेळानं लोकरीचा गुंडा ताईच्या मांडीवरून उतरला, या कठड्यापर्यंत गेला, थांबला, आणि परत निघाला. ताईनं विणणं थांबवलं. तिनं समोर जुन्या इमारतीकडे पाहिलं. खिडक्यांची रांग सावकाश डावीकडे गेली आणि सावकाश उजवीकडे आली. ताई उभी राहायला गेली आणि तिचा पाय चुकला. काच धरायला हात टाकला, तर काच तिथे नव्हती, वीतभर पलीकडे होती. धाकटीनं तिला कंबरेत धरलं. दोघी तशाच, एकमेकींना घट्ट धरून, पाय फाकून, एक एक पाऊल टाकत काठाकडे निघाल्या. वारा तोच होता, दुपारचाच. केसाची बट तेवढी उडावी इतपत.

काठावर आल्यावर ताईनं कठड्याला टेकून उलटी केली. तोंड पुसलं. आणि जी चालायला लागली ती थेट अधीक्षकांच्या बंगल्यावर. बंगला आवारातच होता. रविवारची कलती दुपार, साहेब पायजम्यात पेपर वाचत होते. धाकटी मागून धावत गेली तोवर ताई आत शिरली होती.

बाहेर व्हरांड्यात धाकटीला सगळं ऐकू येत होतं. ताई ओरडत होती. ताई! "दहा मिनिटं उभे राहून चहाला गेलात? दहा मिनिटांचं उत्तर घेऊन माझे पेशंट नेणार? पूल पडणार नाही हो, माणसं पडतील! माझी सिस्टर पडेल! टाक्यांचा पेशंट आदळेल! डँपर बसवा, नाहीतर उद्या मी स्वतः फाटकाला कुलूप घालते!" काहीतरी खळ्ळकन फुटलं. बहुतेक कपबशी.

मग अधीक्षकांचा आवाज, घाबराघुबरा. "ताई, ताई, तुम्ही बसा. तुम्ही एवढं म्हणताय म्हणजे... थांबा, मी आत्ताच फोन लावतो." आणि लावलाही. पूल बंद. वॉर्ड डँपर बसल्यावर हलतील. सगळं मिळून किती वेळ लागला असेल? चहा गार व्हायच्या आत.

ताई बाहेर आली. चेहरा लालबुंद. "झालं," ती म्हणाली. "थांबवलं."

धाकटी पायरीवर बसली होती. ती रडत होती, आणि ते आनंदाचं रडणं नव्हतं, हे आंधळ्यालाही दिसलं असतं.

"अगं, आता काय झालं? ऐकलं ना त्यांनी!"

"हो. ऐकलं," धाकटी म्हणाली. "शब्दन् शब्द माझा होता, ताई. मी टेबलावर हात आपटला तर ते ग्लास बघत बसले. तू कपबशी फोडलीस तर फोन लावला."

ताई तिच्या शेजारी पायरीवर बसली.

"अजून काय काय सांगितलं होतंस मला?" तिनं विचारलं. "इतक्या वर्षांत? मी न ऐकलेलं?"

धाकटीनं डोळे पुसले. नाक ओढलं. आणि मग तिनं अगदी पहिल्यापासून सुरुवात केली, आणि हळू आवाजात मुळीच नाही.